घरच्या पूलमध्ये आणि स्पामध्ये क्लोरीन, ॲसिड नेमकं किती आणि कसं टाकायचं

लोणावळा, कर्जत, अलिबाग, नाशिक किंवा गोव्यातलं आसगाव, इथे बंगला घेतला की हल्ली सोबत पूल येतोच. ठेकेदार चावी देताना पंप कसा सुरू करायचा ते दाखवतो, एक कॅन हायपोचा (पातळ क्लोरीन) आणि एक ॲसिडचा ठेवतो आणि केअरटेकरला सांगून जातो, "रोज संध्याकाळी एक मग टाकत जा." तो एक मग पुढे वर्षानुवर्षं चालतो. पाणी हिरवट झालं की दोन मग, मुलांचे डोळे लाल झाले की एक दिवस सुट्टी. तो मग किती लिटरचा, पूल किती लिटरचा आणि पाण्यात आधीच किती क्लोरीन आहे, हे कुणीच विचारत नाही.

पूल नवा असेल तर सुरुवातीलाच एक आकडा काढून पंपरूमच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवा. पुढचं सगळं त्या आकड्यावर चालतं.

आकडा कसा काढायचा

लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजा आणि गुणाकार करा. पूल एका टोकाला १ मीटर आणि दुसऱ्या टोकाला १.५ मीटर खोल असेल आणि तळ सरळ उतरता असेल, तर सरासरी १.२५ मीटर. ८ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद पूल म्हणजे ८ × ४ × १.२५ = ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर. गोल पूल असेल तर व्यास × व्यास × ०.७८५ × खोली. पाणी कडेवरून वाहून जाणारा ओव्हरफ्लो पूल असेल तर बॅलन्सिंग टँकमधलं (वाहून आलेलं पाणी जमतं ती टाकी) पाणीही धरा, ते बहुतेक जण विसरतात.

पाण्यातली औषधं पीपीएममध्ये मोजतात. १ पीपीएम म्हणजे एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅम. म्हणून ४०,००० लिटरच्या पूलमध्ये क्लोरीन १ पीपीएमने वाढवायचं तर ४० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं. बाजारात शुद्ध क्लोरीन मिळत नाही, म्हणून टक्केवारीने भागायचं. १० टक्क्यांचं हायपो असेल तर ४०० मिली. ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर साधारण ६२ ग्रॅम. टीसीसीए ९० (गोळ्यांतलं क्लोरीन) असेल तर साधारण ४५ ग्रॅम. भिंतीवर लिहायचं ते हे: "१ पीपीएम = हायपो ४०० मिली". तुमचा पूल २०,००० लिटरचा असेल तर याच्या निम्मं, ६०,००० चा असेल तर दीडपट.

सोबत खुणा असलेला प्लास्टिकचा जग आणि छोटा वजनकाटा घ्या. स्वयंपाकघरातला उचलून आणू नका आणि इथला तिकडे परत जाऊ देऊ नका. ॲसिडचा जग आणि क्लोरीनचा जगही वेगवेगळा ठेवा, रंगही वेगळे घ्या.

तपासल्याशिवाय झाकण उघडायचं नाही

स्वस्त किटमध्ये एक थेंब टाकला की पाणी पिवळं होतं. ही ओटीओची चाचणी. ती एकूण क्लोरीन दाखवते, म्हणजे घाम-लघवीशी संयोग होऊन निकामी झालेलं क्लोरीनही त्यात मोजलं जातं. पिवळा रंग गडद दिसतो, केअरटेकर निर्धास्त होतो आणि जंतू मारणारं मोकळं क्लोरीन मात्र जवळपास शून्य असतं. म्हणून डीपीडीचं किट घ्या, त्यात पाणी गुलाबी होतं आणि मोकळं क्लोरीन वेगळं कळतं. थोडे पैसे जास्त जातात, पण पूलवर होणाऱ्या एकूण खर्चात ही सगळ्यात सार्थकी लागणारी रक्कम आहे.

नमुना पृष्ठभागावरचा घेऊ नका. बाटली उलटी धरून कोपरापर्यंत हात बुडवा, तिथे सरळ करून भरा. इनलेटजवळचं पाणीही नको, कारण तिथे नुकतंच फिल्टरमधून आलेलं पाणी असतं. बाटली खुणेपर्यंत भरली की गोळी टाका, झाकण लावून हलवा आणि पांढऱ्या कागदासमोर धरून लगेच रंग जुळवा. एक गोष्ट नीट पाहा: क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर चमकतो आणि उडून जातो, बाटलीतलं पाणी पुन्हा स्वच्छ दिसतं. बघणाऱ्याला वाटतं क्लोरीन शून्य आहे आणि तो आणखी ओततो. अशी शंका आली तर पूलचं एक भाग पाणी आणि बाटलीबंद पिण्याचं नऊ भाग पाणी मिसळून पुन्हा तपासा आणि येईल तो आकडा दहाने गुणा.

आकडे लक्षात ठेवायचे ते असे. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम, आणि पाण्यात स्टॅबिलायझर (उन्हापासून क्लोरीन वाचवणारं औषध) असेल तर किमान २. पीएच (पाणी आम्ल की अल्कली याचं माप) ७.२ ते ७.६. अल्कलिनिटी ८० ते १२०. कॅल्शियमचा जडपणा २०० ते ४००. क्लोरीन आणि पीएच रोज पाहायचं, अल्कलिनिटी आठवड्याला, जडपणा महिन्याला एकदा पुरे.

पीएचला इतकं महत्त्व कशासाठी? क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतं आणि त्यातलं एकच जोमाने जंतू मारतं. पीएच ७ ला साधारण तीन चतुर्थांश क्लोरीन त्या कामाच्या रूपात असतं, ७.५ ला निम्मं, आणि ८ ला जेमतेम पाव. म्हणजे पीएच ८ वर असताना ओतलेल्या हायपोचा मोठा हिस्सा सुस्त पडून राहतो. पूल हिरवा होतोय आणि क्लोरीन तर भरपूर आहे, अशी तक्रार ऐकली की मी आधी पीएच विचारते. म्हणून क्रम ठरलेला: आधी अल्कलिनिटी, मग पीएच, मग क्लोरीन.

अल्कलिनिटी म्हणजे पीएचला जागेवर धरून ठेवणारी ताकद. ती कमी असली की एवढ्याशा ॲसिडने पीएच कोसळतो, जास्त असली की पीएच सारखा वर चढतो. वाढवायला साधा खाण्याचा सोडा चालतो. ४०,००० लिटरला १० पीपीएम वाढवायचे तर साधारण ६७० ग्रॅम. तुमचं पाणी कुठून येतं यावर हे बरंच अवलंबून आहे. देशावरच्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं, त्यात अल्कलिनिटी आणि कॅल्शियम आधीच भरपूर, त्यामुळे तिथे ॲसिड जास्त लागतं आणि टाइल्सवर पांढरा थर बसतो. कोकणात जांभ्याच्या विहिरीचं पाणी बरेचदा मऊ आणि किंचित आम्ल असतं, तिथे सोडा लागतो, नाहीतर पाणी टाइल्सच्या सांध्यांतल्या ग्राउटमधलं कॅल्शियम खायला लागतं. जांभ्याच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन पडताच पाणी चहासारखं तांबूस होतं. ते पाहून घाबरू नका, फिल्टर चालू ठेवा, बॅकवॉश (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुणं) करत राहा. लोह गाळात बसून निघून जातं.

कोणतं क्लोरीन घ्यायचं

हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, पातळ, स्वस्त, सगळीकडे मिळणारं. घरच्या पूलसाठी मला तेच पसंत आहे, कारण ते पाण्यात दुसरं काही साठवत नाही, फक्त थोडं मीठ राहतं आणि पीएच किंचित वर सरकतो. त्याची अडचण एकच: उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला कॅन झपाट्याने उतरतो. दोन-तीन आठवड्यांत संपेल तेवढंच घ्या आणि सावलीत ठेवा. नेहमीच्या मापाने पीपीएम पुरेसे वाढत नाहीत असं दिसलं की समजा, कॅन जुना झाला.

कॅल्शियम हायपोक्लोराइटची पूड जास्त टिकते, पण पाण्यात कॅल्शियम वाढवते. आधीच जड पाणी असलेल्या ठिकाणी ती टाळलेली बरी. साधी ब्लीचिंग पावडर तर पूलमध्ये टाकूच नका, तिच्यातला चुना फिल्टर आणि तळ दोन्ही खराब करतो.

टीसीसीएच्या गोळ्या सोयीच्या म्हणून खूप खपतात. त्यांच्यात स्टॅबिलायझर असतं, त्याचं नाव सायन्युरिक ॲसिड. ते उन्हापासून क्लोरीनचं रक्षण करतं. उघड्या पूलमध्ये स्टॅबिलायझर नसेल तर दुपारच्या उन्हात दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं, त्यामुळे ३० ते ५० पीपीएम स्टॅबिलायझर हवंच. आपल्या ४०,००० लिटरच्या पूलला ३० पीपीएमसाठी १.२ किलो स्टॅबिलायझर एकदा टाकलं की काम झालं. गोळ्यांचं दुखणं असं की त्या थांबत नाहीत. गोळीतून १० पीपीएम क्लोरीन आलं की ६ पीपीएम स्टॅबिलायझर सोबत येतं. रोज २ पीपीएम क्लोरीन गोळ्यांतून दिलं तर महिन्याला ३६ पीपीएम, आणि पाणी बदललं नाही तर तीन महिन्यांत शंभराच्या पुढे. क्लोरीन उडून जातं, स्टॅबिलायझर तसंच राहतं. एवढ्या प्रमाणात ते क्लोरीनलाच इतकं घट्ट धरतं की शेवाळ मोकाट वाढतं. उपाय एकच, काही पाणी उपसून नवं भरणं, आणि टँकरच्या भावात ते परवडत नाही. गावाला जाताना आठवडाभरासाठी गोळ्या वापरा, रोज हायपो वापरा.

ओतण्याआधी हे वाचा

कर्जतजवळ एका पंपरूममध्ये मी दोन सारखेच निळे कॅन शेजारी शेजारी पाहिले. दोन्हींवर काही लिहिलेलं नव्हतं, एकात हायपो, दुसऱ्यात ॲसिड, आणि दोन्हींसाठी एकच मग खिळ्याला टांगलेला. ॲसिड आणि हायपो एकत्र आले की तिथल्या तिथे क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो माणसाचा जीव घेऊ शकतो. मगात तळाशी राहिलेलं थोडंसं ॲसिडही घसा आणि फुप्फुसं पोळायला पुरतं. आज संध्याकाळीच आपल्या कॅनवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा आणि दोन्ही कॅन वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा.

टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट, ही दोन्ही क्लोरीनच आहेत म्हणून एका डब्यात ओतू नका. ओलावा लागला की आग लागते, स्फोटही होतो. एका औषधाचा चमचा दुसऱ्यात घालायचा नाही. पेट्रोल, ऑइल, खत, रंग यांच्याजवळ क्लोरीन ठेवायचं नाही. आणि नेहमी औषध पाण्यात टाकायचं, औषधावर पाणी कधीच नाही.

चारही बाजूंनी घट्ट बसणारा गॉगल, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, पायात बूट. केअरटेकर काका अनवाणी आणि उघड्या हातांनी हे करत असतील, तर सामान आणून देणं आणि ते वापरतात की नाही हे पाहणं मालकाचं काम आहे. डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं डोळा धुवायचा आणि मग थेट डॉक्टरकडे. वायूचा वास घशाला झोंबला तर कॅन तिथेच सोडून मोकळ्या हवेत यायचं, झाकण लावायला परत आत जायचं नाही.

आता ओता

वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर, पूल रिकामा असताना. पंप चालू करा आणि इनलेटमधून पाणी येतंय याची हाताने खात्री करा. पंप बंद असताना औषध टाकलं तर ते जड असल्याने तळाशी बसतं, लायनर आणि ग्राउट खातं आणि सकाळी पहिली उडी मारणाऱ्याच्या अंगाला लागतं.

समजा तपासणीत क्लोरीन १ आलं आणि तुम्हाला ३ हवं आहे. दोन पीपीएमचा फरक, म्हणजे ८०० मिली हायपो. वारा पाठीवर घ्या. जग पाण्याच्या अगदी जवळ आणा, गुडघ्यावर बसलात तरी चालेल. इनलेटच्या समोरून बारीक धार सोडत काठाकाठाने चालत जा. वरून ओतलं तर थेंब उडतात आणि कपड्यावर पडलेला प्रत्येक थेंब पांढरा डाग होऊन राहतो. शेवटी जग पूलच्याच पाण्यात विसळा आणि उलटा ठेवा. पूड वापरत असाल तर आधी बादलीत पाणी घ्या, त्यात पूड विरघळवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी ओता.

पीएच खाली आणायला ॲसिड लागतं. त्यासाठी दहा लिटरची प्लास्टिकची बादली पूलच्या पाण्याने भरा आणि त्यात मोजलेलं ॲसिड हळूच सोडा. खोल बाजूला, इनलेटजवळ, भिंतीपासून हात लांब करून ओता. पीएच किती खाली येईल हे अल्कलिनिटीवर ठरतं, म्हणून घाई नको: ४०,००० लिटरला २५० मिलीपासून सुरुवात करा, पंप चार तास चालू द्या, पुन्हा मोजा, मग पुढचं. ॲसिड आणि क्लोरीन यांच्यात किमान तासभर जाऊ द्या. पीएच ७ च्या खाली गेलाच तर वॉशिंग सोड्याने वर आणता येतो, पण तोही थोडा थोडा.

पाण्यात परत कधी उतरायचं? पंप काही तास चालल्यावर पुन्हा तपासा, क्लोरीन ३ च्या आसपास आणि पीएच हद्दीत असेल तेव्हा. पूलमधून क्लोरीनचा भपकारा येत असेल तर ते जास्त क्लोरीनचं लक्षण नाही. घाम-लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा तो वास आहे, आणि डोळे चुरचुरतात तेही त्यानेच. तिथे क्लोरीन कमी करायचं नसतं, वाढवायचं असतं. एकूण क्लोरीनमधून मोकळं वजा करा, येईल त्याच्या दहापट मोकळं क्लोरीन एका रात्रीत द्या. फरक ०.५ असेल तर ५ पीपीएम, म्हणजे २ लिटर हायपो. यालाच शॉक म्हणतात. आणि पाहुण्यांना उतरण्याआधी साबण लावून अंघोळ करायला सांगा, निम्मं काम तिथेच होतं.

यंत्रं

तरंगता डबा गोळ्यांसाठी ठीक, पण मुलं पाण्यात असताना काढून ठेवा. गोळ्या स्किमरच्या (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणारं तोंड) जाळीत टाकू नका: पंप बंद झाला की तिथे तीव्र आम्ल पाणी साचतं आणि पंप सुरू होताच ते फिल्टर आणि हीटरमधून जातं. ज्या फीडरमध्ये एकदा टीसीसीए घातलं त्यात दुसरं काही कधीच घालायचं नाही.

डोसिंग पंप (औषध आपोआप मापाने सोडणारा) बसवणार असाल तर ठेकेदाराला एकच प्रश्न विचारा: मुख्य पंप थांबला की डोसिंग पंपही आपोआप थांबतो का? आपल्याकडे वीज जाते-येते. मुख्य पंप ट्रिप झाला आणि डोसिंग इन्व्हर्टरवर चालू राहिलं, तर पाइपात हायपो आणि ॲसिड साचून मिसळतं, आणि पंप सुरू होताच इनलेटमधून वायू थेट पोहणाऱ्यांच्या तोंडाशी येतो. परदेशात असे अपघात नोंदले गेले आहेत. म्हणून फ्लो स्विच (पाणी वाहायचं थांबलं की डोसिंग बंद करणारा) लावून घ्याच, आणि औषध सोडायची जागा पाणी फिल्टर-हीटरमधून बाहेर पडल्यानंतर, ॲसिड आणि क्लोरीनची एकमेकांपासून लांब.

मिठाचा क्लोरिनेटर पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवतो. लिटरला ३ ते ४ ग्रॅम मीठ, म्हणजे आपल्या पूलला १२० ते १६० किलो. त्यात पीएच सारखा वर जातो, त्यामुळे ॲसिड सुटत नाही.

पावसाळा

३२ चौरस मीटरच्या पूलवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की ३,२०० लिटर नवं पाणी आत येतं. लोणावळ्याला असे दिवस जुलैत सलग येतात. ओव्हरफ्लोतून औषधं वाहून जातात, अल्कलिनिटी घसरते, पानं-माती क्लोरीन खातात. पाऊस थांबला की आधी पानं काढा, मग अल्कलिनिटी, मग शॉक. पाणी हिरवं झालंच असेल तर भिंती ब्रशने घासा, पीएच ७.२ ला आणा आणि संध्याकाळी १० पीपीएमपर्यंत न्या, म्हणजे ४ लिटर हायपो. पाणी निळसर पण गढूळ झालं की शेवाळ मेलं. तेव्हा तुरटी टाकून रात्रभर पंप बंद ठेवला की सगळं तळाशी बसतं. ते व्हॅक्यूमने थेट गटारात काढा, फिल्टरमधून फिरवू नका.

मोरचुदाचा मोह टाळा. शेवाळ मरतं हे खरं, पण तांबं पाण्यात साठतं, टाइल्सवर निळे-काळे डाग पडतात आणि फिकट केस हिरवे होतात. पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामाही करू नका. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, ते रिकामी टाकी वर उचलू शकतं आणि भिंती तडकतात.

स्पा आणि जकुझी

इथे पाणी थोडं, गरम आणि माणसं जास्त. १,२०० लिटरच्या स्पामध्ये १ पीपीएम म्हणजे फक्त १२ मिली हायपो, म्हणून जग नको, औषधाची सिरिंज घ्या. मोकळं क्लोरीन किमान ३ ठेवा. ब्रोमिन वापरत असाल तर ४ ते ८. स्टॅबिलायझर असलेलं क्लोरीन इथे नको. गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपतं, जेटच्या बुडबुड्यांनी पीएच चढतो, म्हणून प्रत्येक वापराआधी मोजा. जेटच्या नळ्यांमध्ये बुळबुळीत थर धरतो आणि त्यात स्यूडोमोनास, लेजिओनेला असे जंतू राहतात. पहिला अंगावर पुरळ आणतो, दुसरा न्यूमोनिया. पाणी ४० अंशांच्या वर नेऊ नका. गरोदर बाई आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारूनच बसावं. पाणी कधी बदलायचं याचा हिशेब सोपा: लिटर भागिले ११, भागिले रोज बसणारी माणसं. १,२०० लिटर आणि चार माणसं म्हणजे साधारण २७ दिवस. फेस येऊ लागला तर त्याआधीच.

काढलेलं पाणी लगेच झाडांना घालू नका. दोन-तीन दिवस क्लोरीन न टाकता उन्हात राहू द्या, डीपीडीचा रंग येईनासा झाला की सोडा. ओढ्यात किंवा विहिरीजवळ तर सोडूच नका. आणि हायपोचे, ॲसिडचे रिकामे कॅन गावात कुणी पाणी भरायला मागेल, त्याला देऊ नका. पुरवठादाराला परत करा, नाहीतर विसळून तळाला भोक पाडून मगच भंगारात द्या.